खांद्याची गोळी, पाठीची गोळी

पितृपक्षात माझा उजवा खांदा पहिल्यांदा धरला. गोष्ट २०२४ सालची. मी पुण्यात धायरीत घरून पोळीभाजीचे डबे देते. रोजच्या दीडशेच्या आसपास पोळ्या, आणि दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी. दिवसभर लाटणं हातात असणाऱ्या बाईचा खांदा दुखला तर त्यात नवल ते काय, म्हणून चार दिवस बाम चोळून काढले. पाचव्या दिवशी केसांना क्लिप लावायला हात मागे जाईना, तेव्हा कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी हात वर-मागे करून पाहिला, स्नायूबंधाला सूज आहे म्हणाले, आणि पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. एक मोठी, सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर. एक छोटी, सकाळी उपाशीपोटी, पित्ताची. बीपीची गोळी चालू आहे का, हे त्यांनी विचारलं होतं की नाही ते आता आठवत नाही. मी आपणहून सांगितलं नाही, एवढं मात्र नक्की. सहा वर्षं रोज सकाळी चहाबरोबर घेते, ते मला औषध वाटतच नाही. तुळशीला पाणी घालावं तसं ते होऊन जातं.

मोठ्या गोळीने जादू केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कणकेचा गोळा दोन्ही हातांनी तिंबत होते. पाच दिवस संपले, दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी खांदा पुन्हा बोलू लागला. मग मी केलं ते आपण सगळेच करतो. रिकामं पाकीट पर्समध्ये टाकलं, मेडिकलमध्ये जाऊन काउंटरवर ठेवलं आणि म्हटलं, "हीच द्या, दहा." त्याने दिली. "पित्ताची पण देऊ का, ताई?" असं त्याने विचारलं, तर मीच म्हटलं, "नको, पित्त नाही मला." ती छोटी गोळी मोठीने पोटाला इजा करू नये म्हणून होती, पित्त झाल्यावर घ्यायची नव्हती, हे मला पुढे कळलं.

मग नवरात्र लागलं. माझे नऊ दिवस उपास असतात. पाकिटावर लिहून दिलेलं 'जेवणानंतर' मी 'खाण्यानंतर' असं करून घेतलं, आणि खाणं म्हणजे काय, तर वाटीभर वरीचे तांदूळ, एखादं रताळं, कधी नुसताच चहा. ऑक्टोबरचं ऊन, दोन शेगड्या पेटलेल्या, घामाच्या धारा, पाणी प्यायला सवड नाही. त्यात पाचव्या माळेला पाठ भरली. थोरल्या जाऊबाई घटासमोर आरतीला आल्या होत्या, त्यांनी पर्समधून पाकीट काढलं. "तुझी ती खांद्याची असेल. ही पाठीची आहे, स्नायू मोकळे होतात. रात्री घे, सकाळी बघ." त्यांनी कात्रीने कापलेल्या चार गोळ्या मला दिल्या. मागच्या चंदेरी कागदावर नावाची निम्मी अक्षरं उरली होती, शेवटची.

झालं, दिवसाला दोन खांद्याच्या, रात्री एक पाठीची. अष्टमीला डोकं दुखायला लागलं आणि अंगात कणकण वाटली तेव्हा तापाची ६५०, सकाळी एक, दुपारी एक. तापाची गोळी काय, घरात असतेच.

पहिली खूण चपलेने दिली. दसऱ्याला देवळात निघाले तर रोजची चप्पल चढेना. उभं राहून पाय सुजले असतील, म्हटलं. मग छातीत जळजळ. मग लघवीला दिवसातून दोनदाच जातेय हे लक्षात आलं, पण घामात जात असेल, असं त्यालाही उत्तर होतंच. माणूस स्वतःच्या शरीराला किती उत्तरं देतो! कोजागिरीला गच्चीवर दूध आटवत होतो, मला उभं राहवेना. हे खाली जाऊन बीपीचं मशीन घेऊन आले. १७२/१०२. रोज गोळी घेऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका दवाखान्यात फिजिशियन मॅडमची वेळ घेतली. फोनवरच्या मुलीने एक गोष्ट सांगितली, ती मी आता सगळ्यांना सांगते: "काय काय घेता ते तोंडी सांगू नका. घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा."

फ्रिजवर आमचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा असतो, तो मी तसाच पिशवीत उलटा केला. मॅडमनी टेबलावरचे कागद बाजूला सारले आणि पिशवी ओतली. माझं वय एकावन्न, मॅडम पस्तिशीच्या असतील. मला अगदी माळ्यावरचा पसारा पाहुण्यांसमोर पडल्यासारखं झालं. त्या काही बोलल्या नाहीत. एकेक पाकीट उचलायचं, उलटं करायचं, मागची बारीक अक्षरं वाचायची, आणि टेबलावर ढीग लावायचे. मला वाटलं, खांद्याचा ढीग, पाठीचा ढीग, तापाचा ढीग. तसं नव्हतं.

"काकू, थालीपिठाची भाजणी करता ना तुम्ही? तिच्यात काय काय असतं?"

"ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे…"

"आणि तांदळाची भाकरी, भात, थालीपीठ एकाच ताटात वाढलं तर पोटात तांदूळ किती वेळा गेला?"

मग त्यांनी कागदावर लिहून दाखवलं. माझी खांद्याची गोळी म्हणजे ॲसिक्लोफिनॅक १००, पॅरासिटामॉल ३२५ आणि सेराशियोपेप्टिडेज १५ मिलिग्रॅम. जाऊबाईंची पाठीची गोळी नावाच्या उरलेल्या अक्षरांवरून आणि त्यांना फोन लावून ओळखली: डायक्लोफिनॅक ५०, पॅरासिटामॉल ३२५ आणि स्नायू सैल करणारं क्लोरझोक्साझोन. तापाची गोळी म्हणजे निव्वळ पॅरासिटामॉल, ६५०. तीन पाकिटं, तिन्हींत पॅरासिटामॉल. आणि ॲसिक्लोफिनॅक व डायक्लोफिनॅक ही सख्खी भावंडं. दोघांचं काम एकच, दोघांचा त्रासही एकच. दोन्ही मिळून दुखणं दुप्पट थांबत नाही, इजा मात्र वाढते.

मॅडमनी पॅरासिटामॉलची बेरीज करून दाखवली. खांद्याच्या दोन गोळ्यांतून ६५०, पाठीच्या एका गोळीतून ३२५, तापाच्या दोन गोळ्यांतून १३००. एकूण २२७५. मोठ्या, धडधाकट माणसाला दिवसात ४००० मिलिग्रॅमच्या वर जायचं नसतं. वय झालेलं, वजन कमी असलेलं, लिव्हर नाजूक असलेलं किंवा रोज दारू पिणारं माणूस असेल तर डॉक्टर त्याच्या बरंच खाली थांबतात. "म्हणजे इथे तुम्ही वाचलात. सर्दीची गोळी घेतली असतीत तर तीही मिळवावी लागली असती, बहुतेकींत पॅरासिटामॉल असतंच. पण माझी काळजी ती नाही. ही आहे." आणि त्यांनी माझी बीपीची गोळी पुढे सरकवली. टेलमिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड. सहा वर्षं खातेय, आणि ही पण जोडगोळी आहे, एकाच गोळीत दोन औषधं, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढचं त्यांनी इतकं सोपं करून सांगितलं की अजून डोळ्यांपुढे आहे. आमच्या भागात पाण्याचे टँकर हा रोजचा विषय, म्हणून असेल. मूत्रपिंडात रक्त गाळायची बारीक जाळी असते. जाळीत रक्त आणणारी एक नळी, बाहेर नेणारी दुसरी. आतला दाब टिकला तरच गाळणं होतं. शरीरात पाणी कमी पडलं की प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं आणणारी नळी उघडी ठेवतात. दुखण्याची आणि सुजेची गोळी हीच द्रव्यं बनू देत नाही, म्हणून तर दुखणं थांबतं, पण ती नळीही आवळते. टेलमिसार्टन बाहेर नेणारी नळी सैल करतं. एरवी ते चांगलंच असतं. आणि दुसरं औषध लघवीवाटे पाणी काढून टाकतं. "टाकीत पाणी कमी, वरचा नळ अर्धा बंद, खालची तोटी सताड उघडी. दाब कुठून राहणार?" त्यात नऊ दिवसांचा उपास आणि शेगडीचा घाम. शिवाय हीच दुखण्याची गोळी अंगात मीठ-पाणी धरून ठेवते, बीपीच्या गोळीचा जोर कमी करते. चपलेचं आणि १७२ चं कोडं तिथेच सुटलं.

मग प्रश्न विचारले. शी काळी, डांबरासारखी होते का? उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखं काही पडलं का? दम लागतो का? अंगावर पुरळ, ओठ-डोळे सुजणं? मला पहिल्या प्रश्नाची लाज वाटली, तशा त्या म्हणाल्या, "लाजू नका, जठरातून रक्त गेलं तर बरेचदा पोट दुखतही नाही, शीच सांगते." जठराच्या आतल्या अस्तराला सांभाळणारी द्रव्यंही तीच, प्रोस्टाग्लँडिनं. गोळी त्यांनाही थांबवते. जेवणानंतर घेतल्याने जळजळ जरा कमी होते, पण अल्सरपासून पूर्ण रक्षण होत नाही, कारण गोळी रक्तात गेल्यावरही तेच करते. सकाळची ती छोटी गोळी तेवढ्यासाठीच होती, जी मी मेडिकलवाल्याला नको म्हटली.

रक्त तपासलं. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड नीट गाळत नसलं की रक्तात साठणारा कचरा, १.८. सहा महिन्यांपूर्वी ०.९ होतं, तो जुना कागद सुदैवाने फाइलला होता. पोटॅशियम ५.५, वाढलेलं. तिथे आणखी एक गंमत झाली. मला बरं नाही हे कळल्यावर नणंद सहा शहाळी घेऊन आली होती आणि मी रोज दोन पीत होते, लघवी साफ व्हावी म्हणून. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. रताळी, बटाटे, केळी, म्हणजे माझा सगळा उपासाचा फराळ, त्यातही तेच. मूत्रपिंड बरं असेल तर हे सगळं उत्तम, पण ते थकलेलं असताना पोटॅशियम साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. उरलेली शहाळी वॉचमनच्या मुलांनी फोडली.

मॅडमनी दोन्ही दुखण्याच्या गोळ्या त्याच मिनिटाला बंद केल्या. बीपीची जोडगोळी थांबवून काही दिवसांसाठी वेगळी दिली आणि बजावलं, हे माझं मी ठरवलंय, तुम्ही तुमच्या मनाने बीपीची गोळी कधीही थांबवायची नाही. पाणी किती प्यायचं ते मापून दिलं. मूत्रपिंडांची सोनोग्राफी झाली, ती ठीक होती. आठवड्याने क्रिएटिनिन १.३. तीन आठवड्यांनी १.०. पोटॅशियम पहिल्याच आठवड्यात खाली आलं. मॅडम म्हणाल्या, लवकर आलात, वेळेत थांबवलं की बहुतेक वेळा हे माघारी फिरतं. बहुतेक वेळा.

आणि खांदा? तो दुखतच होता. दुखणं खोटं नव्हतं ना माझं. याचा राग मला त्या दिवसांत फार यायचा. सगळे सांगतात गोळ्या खाऊ नका, आणि चकल्या कोण पाडणार? तर खांद्यासाठी मिळालं ते असं: साधं पॅरासिटामॉल, दिवसातून किती आणि किती तासांनी ते लिहून, आणि लागलं तरच. डायक्लोफिनॅकचं जेल मी विचारलं, कारण ते चोळायचं. त्यातून औषध रक्तात पुष्कळच कमी जातं, पण जातं, म्हणून क्रिएटिनिन जागेवर येईपर्यंत तेही नको म्हणाल्या. गरम पाण्याची पिशवी. आणि फिजिओथेरपी, जिला मी आधी नाक मुरडलं होतं. टेबलावर डावा हात टेकून वाकायचं आणि उजवा हात घड्याळाच्या लंबकासारखा सोडून द्यायचा. भिंतीकडे तोंड करून बोटं मुंगीसारखी वर चढवत न्यायची. मी ओट्याशेजारच्या फरशीवर पेन्सिलीने खुणा करून ठेवल्या होत्या. पहिल्या दिवशी तिसरी फरशी, दिवाळीत पाचवी, डिसेंबरात सातवी. फिजिओच्या मुलीने माझा पोळपाटही बदलायला लावला, म्हणजे उंची. ओटा मला उंच पडत होता, म्हणून मी खांदा उचलून लाटत होते. पायाखाली पाट घेतला. या पाटाने जेवढं काम केलं तेवढं कुठल्या गोळीने केलं नाही, हे मी लिहून देते.

दिवाळीची चौदा किलो चकलीची ऑर्डर होती. त्यातली आठ परत केली. सहा किलो भाच्याने पाडल्या. तो इंजिनिअरिंगला आहे, सोऱ्या फिरवताना माझ्यापेक्षा जास्त बडबड करत होता. त्याला या प्रकरणात भलताच रस. ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारने १५६ जोडगोळ्यांवर बंदी आणली, त्यांतली काही दुखण्याची होती, ती यादी त्यानेच मोबाइलवर दाखवली. ॲसिक्लोफिनॅक ५० आणि पॅरासिटामॉल १२५ अशी एक जोडी त्यात आहे. माझी नव्हे, माझी १०० आणि ३२५. पण जोडगोळी बाजारात आहे म्हणजे तिच्यामागे कुणीतरी नीट विचार केला असणार, हा माझा समज तिथे गेला. तिसरा घटक, सेराशियोपेप्टिडेज, तर त्याहून मजेशीर. रेशमाच्या किड्याच्या आतड्यातल्या जिवाणूत सापडलेलं एन्झाइम आहे ते. सूज उतरवतं म्हणून घालतात, पुरावा मात्र फार तोकडा. जपानमध्ये ज्या कंपनीने ते बाजारात आणलं, तिनेच २०११ साली तिथून मागे घेतलं, कारण नव्या चाचणीत ते बिनऔषधाच्या गोळीहून सरस ठरलं नाही. मॅडमना विचारलं तर त्या हसल्या. "मी लिहीत नाही. एकच औषध पुरत असेल तर एकच लिहिते. काही झालं तर कशाने झालं ते तरी कळतं."

भाच्याने आणखी एक सांगितलं, ते ऐकून मी सोऱ्या खाली ठेवला. माझं माहेर श्रीवर्धनकडचं. लहानपणी आमच्या वाडीच्या माडांवर गिधाडांची घरटी असायची, खाली पांढरी घाण पडायची म्हणून आजी चिडायची. मग ती गेलीच. का गेली, हे मला पन्नाशीनंतर, चकल्या पाडताना कळलं. गुरांना डायक्लोफिनॅक देत, जनावर मेलं की गिधाडं ते खात, आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. २००६ साली गुरांसाठीचं डायक्लोफिनॅक आपल्याकडे बंद झालं. ॲसिक्लोफिनॅक गुरांच्या पोटात गेलं की त्याचं डायक्लोफिनॅकच होतं, म्हणून २०२३ साली तेही. गिधाडाचं शरीर वेगळं, माणसाचं वेगळं, एवढं मलाही समजतं. तरी त्या रात्री मला झोप आली नाही.

आता घरात काही गोष्टी बदलल्या आहेत. पत्र्याच्या डब्याच्या झाकणावर आतून कागद चिकटवलाय. त्यावर माझ्या आणि ह्यांच्या रोजच्या औषधांची नावं आहेत, कंपनीची नव्हे, आतल्या औषधांची. ह्यांना स्टेंट टाकलेली, रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या चालू. कंबर धरली की तेही माझीच गोळी अर्धी करून घ्यायचे, हे या सगळ्या उलाढालीत बाहेर आलं. मॅडमनी त्यांना माझ्याहून जास्त फैलावर घेतलं. पोटातून रक्त जायचा धोका त्यांना माझ्याहून जास्त, आणि हृदयवाल्याने तर या गोळ्यांच्या वाटेलाच विचारल्याशिवाय जायचं नाही. ताप आला तर, विशेषतः डेंग्यूच्या दिवसांत, फक्त पॅरासिटामॉल, अंग कितीही ठणकलं तरी. डेंग्यूत आधीच रक्तस्रावाची भीती असते. कापलेलं, नाव गेलेलं पाकीट घरात ठेवायचं नाही. जाऊबाईंनाही हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला तर काही होत नाही त्याने." त्यांना बीपी नाही, उपास नाहीत, आणि त्या ती गोळी महिन्यातून एकदा घेतात. खरंच काही होत नसेल.

परवा भाच्याचा पाय मुरगळला. एक्स-रे नीट होता. डॉक्टरांनी तीन दिवसांसाठी तीच गोळी दिली, शंभर-तीनशे पंचवीसवाली, सेराशियो नसलेली, जेवणानंतर दोनदा. चोवीस वर्षांचा मुलगा, दुसरं औषध नाही, पोट बरं, तीन दिवस. माझं काही म्हणणं नव्हतं. मी मेडिकलमध्ये गेले आणि सहा गोळ्या मागितल्या. त्याने पाकीट घेतलं, कात्री उचलली.

"नाव आणि तारीख माझ्या बाजूला येईल असं काप हां, दादा."

"मग उरलेलं कोण घेणार, ताई?"

त्याचंही खरं होतं. मी अख्खं पाकीट घेतलं. तीन दिवसांत भाच्याच्या सहा झाल्या, चार उरल्या. परत द्यायला गेले तर तो म्हणाला, सील न तोडलेलं पूर्ण पाकीट असेल तरच घेतो. घरी येऊन त्या चार गोळ्या चहाच्या चोथ्यात कालवल्या, पिशवीत गच्च बांधल्या आणि कचऱ्यात टाकल्या. हे पेपर खाली करून बघत होते.

"चांगल्या गोळ्या टाकतेस?"

"चोथा तुमच्याच चहाचा आहे," मी म्हटलं.